वर्ग सर्वांचा, अडचण एकेकाची

महाविद्यालयात आपल्याला विषय शिकवले जातात. अभ्यास कसा करावा हे मात्र आपल्याला येतच असेल असे धरून चालतात. मराठी वा कन्नड माध्यमातून येऊन इंग्रजीत वाणिज्य शिकणाऱ्याला हे फार महाग पडते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सिल्व्हासाला, डोकमर्डीत काकांकडे गेलो होतो. हा भाग कारखान्यांचा. घरी वारली, गुजराती, मराठी वा हिंदी बोलणारी मुले येथे एकाच वर्गात बसतात. शेजारचा एक मुलगा प्रथम वर्ष वाणिज्यला होता आणि अकौंटन्सीच्या चाचणीत नापास झाला होता. "दादा, मला हे जमायचं नाही. मी कंपनीत लागतो," असे त्याने सांगून टाकले.

मी त्याला एकच व्यवहार लिहायला दिला : बँकेत रोख ५०० रुपये भरले. त्याने बँक खाते 'क्रेडिट' केले. कारण विचारताच त्याने घरातून पासबुक आणून दाखवले. त्यात भरलेली रक्कम खरोखरच क्रेडिटच्या, म्हणजे जमेच्या रकान्यात होती! मुलगा मठ्ठ नव्हता. त्याने विचार केला होता, पण दुसऱ्याच्या वहीवरून. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतील आपल्या खात्याचा उतारा. बँक आपले देणे लागते, म्हणून तिच्या वहीत आपले खाते जमा होते. आपल्या वहीत मात्र बँक ही आपली ऋणको. म्हणून बँक खाते नावे आणि रोख खाते जमा. "वही कोणाची?" हे आधी विचारायचे, एवढेच त्याला उमगले नव्हते. नंतर त्याने दहा व्यवहार लिहिले. दोन चुकले, ते त्याने स्वतःच शोधले.

साठ जणांच्या व्याख्यानात ही गाठ प्राध्यापकांना दिसणार कशी? ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी आपले लिखाण घेऊन शिक्षकासमोर बसतो, त्याचे मर्म हेच. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) व्याख्यानाला 'ट्यूटोरियल'ची जोड द्यावी, असे सुचवले होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक वर्गांसाठी अनुदानही दिले. परंतु असा वर्ग म्हणजे तेच व्याख्यान पुन्हा, असे झाले तर गाठ तशीच राहते. शिवाय 'कच्चा' म्हणून नाव यादीत आल्याची लाज वाटते ती वेगळीच.

वैयक्तिक मार्गदर्शनाची पथ्ये तीन. पहिले, विद्यार्थ्याने आधी स्वतः लिहावे वा बोलावे. दुसरे, चूक खोडण्यापूर्वी तिचे कारण विचारावे. तिसरे, आयते उत्तर न देता रीत द्यावी. उदाहरणार्थ, इंग्रजी पुस्तकाचे पान वाचताना अडलेले शब्द एका वहीत आपल्या भाषेतील शब्दांसह लिहावेत : डेबिट म्हणजे नावे, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज.

याला मोठा खर्च लागत नाही. प्राध्यापकांनी आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हातभार लावावा. आपणही "काहीच समजत नाही" असे म्हणत न जाता, जेथे अडले ते लिहून न्यावे.

तो मुलगा अजून कॉलेजात जातो. परीक्षा व्हायची आहे. पण कंपनीत लागण्याची भाषा तूर्त थांबली आहे.