आजीच्या डब्यातले रुपये आणि मायक्रोस्कोपचा आकडा

मेहकर, जि. बुलढाणा

चि. बाळास,


लक्ष्मीपूजनाच्या डब्यातले चांदीचे रुपये आणि काळी पडलेली शिवराई नाणी आजीने तुझ्या हवाली केली, हे वाचून फार आनंद झाला. ती नीट पाहायला आणि त्यांचे फोटो काढायला तुला मायक्रोस्कोप घ्यायचा आहे. दोन हजारांच्या आतबाहेर 'सोळाशे पट मोठे' दाखवणारा मिळतो, तो घेऊ का, असे तू विचारले आहेस. मामाचे उत्तर आधीच सांगून टाकतो: तो आकडा विसर. नाण्याचे जवळजवळ सगळे काम दहा ते चाळीस पटीत होते. पैसे घालायचे ते प्रकाश, स्टँड आणि भिंगाचा दर्जा यांवर.

हे पटण्यासाठी डब्यात १९११ सालचा रुपया आहे का, ते आधी बघ. पंचम जॉर्जच्या त्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक बारीकसा हत्ती आहे. कोरणाऱ्याच्या हातून सोंड आखूड झाली आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. धार्मिक भावना दुखावल्या, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट करून नवा ठसा आला. संग्राहक आजही त्याला 'पिग रुपी' म्हणतात. सरकारला ठसा बदलायला लावणारी ही चूक पाहायला सोनाराचे दहा पटीचे भिंग पुरते.

व्हिक्टोरियाच्या रुपयाचेही तसेच. 'व्हिक्टोरिया क्वीन' असे लिहिलेल्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत कायम राहिले. त्यामुळे नाणे खरे कोणत्या वर्षी पडले, याचा माग जाणकार मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून आणि नक्षीतल्या बारीक फरकांवरून काढतात. १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या अनेक रुपयांवर मानेच्या कापाशी 'एफ' हे इंग्रजी अक्षर असते, काही नाण्यांत उठावदार तर काहींत खोल गेलेले. आजच्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असली तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असला तर हैदराबादचे, गोल ठिपका असला तर नोएडाचे आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. यातली एकही गोष्ट शंभर पटीची मागणी करत नाही.

मग चाळीस पट कशाला लागतात? एका ठशावर दुसरा ठसा बसला असेल तेव्हा. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाचा चेहरा आणि त्याच्याभोवतीची अक्षरे खालून डोकावतात, आणि वरचे चिन्ह कुठे संपते व खालचे कुठे सुरू होते हे पाहायला उजेड आणि भिंग दोन्ही चांगले लागतात. आपल्या वऱ्हाडातही असे बारकाईने नाणी वाचण्याचे काम झाले आहे. तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आता वाशिममध्ये आहे. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशींनी ती नाणी वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या सातवाहन राजांची नावे इतिहासाला मिळाली. त्या नाण्यांवरच्या हत्तीच्या डोक्यावरची अर्धवट अक्षरे वाचूनच ही नावे हाती आली. अर्धे अक्षर गेलेले असते तिथे काना आहे की ओरखडा आहे, हा प्रश्न भिंगाखालीच सुटतो.

आता यंत्रांकडे वळू. बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली, शाळेच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप. तो नाण्यासाठी घेऊ नकोस. त्यात प्रकाश खालून वर येतो, कारण कांद्याच्या सालीतून उजेड आरपार जातो. नाण्यातून जात नाही. शिवाय जास्त पटीची भिंगे वस्तूच्या इतकी जवळ न्यावी लागतात की वरून प्रकाश टाकायला फटही उरत नाही. स्टॅनफर्डचे मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या घडीतून केलेला 'फोल्डस्कोप' तुझ्या शाळेत कोणी दाखवला असेल. स्वस्तात विज्ञान गावोगाव नेणारे ते अतिशय सुंदर साधन आहे. पण तेही डबक्याच्या थेंबासाठी, माशीच्या पंखासाठी. रुपयासाठी नाही.

दुसरी जात म्हणजे यूएसबीचा डिजिटल मायक्रोस्कोप, पेनाएवढा, टोकाशी दिव्यांचे कडे असलेला. 'सोळाशे पट' ही जाहिरात याचीच. हा आकडा कसा तयार होतो ते समजून घे. नाण्याचा चार मिलिमीटर रुंदीचा तुकडा अर्धा मीटर रुंदीच्या पडद्यावर भरला, तर तो सव्वाशे पट मोठा दिसतो. तेच चित्र भिंतीवर प्रोजेक्टरने टाकले तर हजार पट होईल, पण एकही नवा बारकावा दिसणार नाही. म्हणून विक्रेत्याला पट विचारू नकोस, सेन्सर विचार. ६४० बाय ४८० चा असेल तर ठेवून दे. खरोखरचा १९२० बाय १०८० चा असेल तर पाच मिलिमीटरच्या तुकड्यावर प्रत्येक बिंदू साधारण २.६ मायक्रॉनचा पडतो, आणि टांकसाळीच्या खुणेला ते पुष्कळ झाले. काही यंत्रे लहान चित्र ताणून मोठे करतात आणि त्याला जास्त मेगापिक्सेल म्हणतात. मामाने असेच एक घेतले होते. डब्यावर मोठा आकडा होता, चित्र मात्र धुकट. तीन महिने ते कपाटात पडून राहिले. तू घेताना दोनच गोष्टी तपासून घे. ते लॅपटॉपला साध्या वेबकॅमसारखे चालते का, आणि स्टँड धातूचा, वरखाली स्क्रूने सरकणारा आहे का. लवचिक मानेचा प्लास्टिकचा स्टँड टेबलाला धक्का लागला तरी थरथरतो आणि फोटो हलतो.

तिसरी जात स्टिरिओ मायक्रोस्कोपची, आणि नाण्यांसाठी खरा तोच. त्याला दोन नेत्रभिंगे असल्याने खोली दिसते: अक्षर उठावदार आहे की खोल, हे डोळ्यांना थेट कळते. भिंग आणि नाणे यांच्यात आठ-दहा सेंटिमीटरचे अंतर राहते, म्हणून दिवा हव्या त्या बाजूने लावता येतो. दहा पटीचे नेत्रभिंग आणि खाली दोन व चार पटीची भिंगे असली म्हणजे वीस आणि चाळीस पट मिळतात. हरियाणातले अंबाला हे प्रयोगशाळेच्या उपकरणांचे मोठे गाव. तिथले साधे स्टिरिओ यूएसबीच्या तीनचार पट किमतीत येतात, पण पुढची वीस वर्षे साथ देतात. एक हिशोब ध्यानात ठेव: नेत्रभिंगाचा क्षेत्र-आकडा (त्याच्या दृष्टिक्षेत्राचा मिलिमीटरमधला व्यास) २० असेल आणि खालचे भिंग दोन पटीचे, तर २० भागिले २, म्हणजे दिसणारे वर्तुळ दहा मिलिमीटरचे. रुपया आहे तीस मिलिमीटरचा. म्हणजे पूर्ण नाणे त्यात कधीच मावणार नाही. पूर्ण नाण्याचा फोटो तुझ्या फोननेच, स्टँडवर, वरून सरळ काढायचा. मायक्रोस्कोप फक्त तपशिलाच्या फोटोसाठी.

प्रकाशावर सगळ्यात जास्त वेळ दे. यूएसबीच्या कड्यातले दिवे चहूबाजूंनी सारखे पडतात. त्याने सावली मरते आणि झिजलेले नाणे गुळगुळीत दिसते. ते दिवे मंद कर आणि टेबलावरचा एकच दिवा अगदी आडवा, नाण्याच्या पृष्ठभागाला दहा-पंधरा अंशांत लाव. शिवराईवरचे 'श्री राजा शिव' आणि मागचे 'छत्रपति' झिजून सपाट झालेले असते. आडव्या उजेडात त्यातली वेलांटी एकाएकी वर येते. मग नाणे थोडे थोडे फिरवून चार फोटो काढ, कारण एका बाजूच्या उजेडात लपलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. चांदीची मात्र उलटी अडचण, ती चकाकते. तिच्याभोवती बटर पेपरची नळी उभी कर, म्हणजे दिवा पसरून पडेल. पांढरा कागद शेजारी ठेवून रंग जुळवून घे, नाहीतर तांबे केशरी दिसेल. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी असू दे. पट्टी नसलेला फोटो दुसऱ्या अभ्यासकाच्या कामाचा नाही.

खरे-खोटे ओळखायलाही हेच यंत्र उपयोगी पडेल. खामगावच्या चांदीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले कारागीर नाणे हातात घेऊन कडेकडे पाहतात, ते उगाच नाही. ठोकलेल्या नाण्यात दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि बारीक किरणांसारख्या रेषा उमटतात. ओतलेल्या नाण्यात त्या नसतात. त्याऐवजी पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या गोलसर कडा आणि किनारीवर सांध्याची रेघ किंवा कानशीचे ओरखडे दिसतात. पूजेसाठी जुन्या छापाची नवी नाणीही बाजारात मिळतात, तेव्हा जुना रुपया म्हणून कोणी काही दिले तर किनार आधी बघ. सोबत एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घे. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. झिजून थोडे कमी भरेल, जास्त भरले तर शंका घ्यायची.

दोन गोष्टी मात्र तुला हात जोडून सांगायच्या आहेत.

एक, चिंच, राख, पावडर, ब्रश यांपैकी काहीही नाण्याला लावू नकोस. आजीची पूजेची भांडी चिंचेने लख्ख होतात, पण नाण्यावरचा काळा-हिरवा थर त्याचे वय सांगतो आणि त्याला जपतो. घासलेल्या नाण्यावर चाळीस पटीत एकाच दिशेचे असंख्य ओरखडे दिसतात. ते कधीच भरून येत नाहीत. नाणे नेहमी कडेने धर.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या जिल्ह्याची माती जुनी आहे. सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला. साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामीचा पाया तिथेच पडला. नांगरताना एखाद्या शेतात नाण्यांचे मडके लागले, तर ते घरी ठेवायचे नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपलीकडची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीतला साठा जागच्या जागी नोंदला गेला तरच त्याच्यातून इतिहास मिळतो. तऱ्हाळ्याची नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर मिराशींच्या हाती काहीच लागले नसते.

आता खरेदीचा क्रम. या महिन्यात दहा पटीचे चांगले सोनारी भिंग, काटा आणि टेबलावरचा दिवा घे. दिवाळीपर्यंत डब्यातले प्रत्येक नाणे त्याखाली पाहून वहीत नोंद: साल, वजन, व्यास, टांकसाळीची खूण, शंका. त्या शंकांपैकी किती दहा पटीत सुटल्या नाहीत, ते मोज. चार-पाचच उरल्या तर धातूच्या स्टँडचा यूएसबी पुरेल. पानभर उरल्या तर थोडे थांब आणि पैसे साठवून स्टिरिओ घे. निम्मे पैसे मामा घालेल. सुट्टीत आपण नाशिकजवळ अंजनेरीला जाऊ. तिथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. नाणी कशी मांडतात आणि त्यांचे फोटो कसे घेतात, ते प्रत्यक्ष पाहता येईल.

आजीला साष्टांग नमस्कार सांग. १९११ चा रुपया डब्यात निघाला तर त्या हत्तीचा फोटो मिलिमीटरच्या पट्टीसह पाठव.

तुझा,
मामा