मुद्रितशोधन : ओळ कोठे तोडावी?



मागील घटकात आपण मुद्रितशोधनाच्या खुणा पाहिल्या. आता एका किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करू. पानाची रुंदी संपली, पण ओळ संपली नाही, तर काय करावे? गद्यात हा प्रश्न फारसा छळत नाही. जोडाक्षर फोडू नये, आकडा आणि त्याचे एकक यांची ताटातूट करू नये, एवढे पाळले की बहुधा भागते. पद्य आणि संगणकाची आज्ञावली यांत मात्र ओळ स्वतःच अर्थ वाहत असते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः शेगाव परिसरात, दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ या २१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथाचे पारायण होते. मोठ्याने वाचणारा मनुष्य चरणाच्या शेवटी श्वास घेतो. चरण कोठे संपला, हे त्याला पानाने सांगावे लागते. केवळ उदाहरणासाठी रचलेली ही ओवी पाहा :

लोणारच्या काठावरी । वन उभे हिरवे भारी ।
पाणी खारट अंतरी । साठले असे ॥

पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. जुन्या हस्तलिखित पोथीत हा मजकूर सलग चाले आणि पत्राची कड येईल तेथे ओळ वळे. त्याने काही बिघडत नसे, कारण अर्थाची सीमा दंड दाखवीत असे, ओळ नव्हे. मुद्रणात ओव्या ओळींत मांडल्या गेल्या आणि ते काम ओळीकडेही आले. म्हणूनच खिशात मावणाऱ्या आवृत्तीत ‘भारी’ हा शब्द एकटाच पुढील ओळीच्या आरंभी आला, तर वाचक त्याआधी थांबतो आणि यमक मोडते. अशा उरलेल्या शब्दांना डावीकडे जागा सोडून आत घ्यावे.

संगणकाच्या भाषांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. ‘सी’ या भाषेत विधानाचा शेवट अर्धविरामचिन्ह दाखविते. ते तेथील दंडच म्हणा ना. ओळ बहुतेक ठिकाणी मोडली तरी चालते. पण दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी टीप ओळीअखेर संपते. अक्षरजुळणी करणाऱ्याने लांब टीप मध्येच तोडली, की तिचा उत्तरार्ध आज्ञा म्हणून वाचला जातो. ‘पायथॉन’मध्ये तर ओळीच्या आरंभीची मोकळी जागाही व्याकरणाचा भाग आहे. कंस उघडा असेल तेथे ओळ तोडता येते, एरवी सहसा नाही.

सर्वांत घातक चूक संयोगचिन्हाची. गद्याच्या सवयीने ‘व्याजदर’ हे चलाचे नाव ‘व्याज-’ आणि ‘दर’ असे तोडले, तर संगणक ते वजाबाकीचे चिन्ह समजतो. डोनाल्ड कनूथ यांची ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली गद्याच्या ओळी संपूर्ण परिच्छेदाचा विचार करून तोडते. जशीच्या तशी छापावयाची आज्ञावली मात्र ती तोडत नाही, समासात घुसू देते. हे कुरूप दिसते, पण खोटे नाही. तोडणे अटळच असेल, तर पुढील ओळीच्या आरंभी लहानसा वळणाचा बाण छापावा आणि तो मजकुराचा भाग नाही, हे पुस्तकाच्या आरंभी सांगावे. पुस्तकात पाहून आज्ञावली टंकणाऱ्या, जवळ विचारायला कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला त्या बाणाखेरीज दुसरा आधार नसतो.

स्वयं-अध्ययन : घरातील कोणत्याही पोथीचे एक पान घ्या. त्यातील पाच ओव्या निम्म्या रुंदीच्या कागदावर उतरवा. नंतर त्या दुसऱ्या व्यक्तीस मोठ्याने वाचावयास सांगा आणि ती कोठे अडखळते, तेथे खूण करा.