हौस गिऱ्हाइकाची, बोल दुकानदाराला

गाडीला ०००१ सारखा क्रमांक मिळावा म्हणून माणसं आरटीओत लाखांत शुल्क भरतात. तीच माणसं आमच्या काउंटरवर अक्रिलिकच्या प्लेटसाठी दोनशे रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करतात. हौशी गाडीवाल्यांचा धंदा करायचा तर हे पचवावं लागतं, आणि मला पचलंही होतं. पचलं नाही ते ४१४१ वालं गिऱ्हाईक.

४१४१ म्हणजे 'दादा', हे कोल्हापुरात सांगायला नको. इंग्रजी चारला जरा वळण दिलं की द होतो, एकचा काना. २१४ चा 'राम', ८०५५ चा 'बॉस', तीच कलाकुसर.

पाडव्याच्या तोंडावर हा गृहस्थ नवी गाडी घेऊन आला. गाडीवर शोरूमची एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट होती. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती येतेच, स्नॅप लॉकनं पक्की बसवलेली. मी म्हटलं, "साहेब, हिच्या स्नॅप लॉकला हात लावणार नाही. 'दादा' हवा तर घरात भिंतीवर लावायला करून देतो."

"करा की मालक बिनधास्त. अडवतंय कोण आपल्याला?"

निम्मे पैसे टेकवले. बिलावर मी ठळक लिहिलं, 'शोपीस, रस्त्यावर वापरू नये', आणि त्याखाली त्याची सही घेतली. आता कुणी म्हणेल, मग केलीच कशाला? भिंतीवरची पाटी करणं गुन्हा नाही, आणि माझ्या गाळ्याचं भाडं कुणी माफ करत नाही.

ती प्लेट त्यानं कुठल्या गॅरेजात गाडीवर चढवली, देव जाणे. एका संध्याकाळी फोन आला. आवाज एकदम मऊ. "मालक, तुम्हीच म्हणाला होता ना, चालतंय म्हणून?" मी तोंड उघडायच्या आत मागून दुसरा आवाज, "दुकान कुठं आहे विचारा त्याला." फोन स्पीकरवर होता! नाकाबंदीत उभा राहून हा माणूस माझ्या तोंडून 'हो' वदवून घेत होता. 'अडवतंय कोण' म्हणणारा हाच. माझ्या हातातली कटर तशीच राहिली.

मी बिलाचा फोटो पाठवला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी चार पोरं घेऊन दुकानात हजर. पैसे परत द्या, वर दंडही भरा. दंड केवढा? पावती मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ ची, पाचशे रुपयांची. पुन्हा सापडला तर दीड हजार होतात, तेही माझ्याच खात्यावर टाकायचा बेत असेल. पोरांसमोर सहीचं बिल धरल्यावर सगळी पांगली, पण उरलेले निम्मे पैसे अजून यायचेच आहेत.

म्हणून या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांना सांगतो. पूर्ण पैसे आधी घ्या. दुसऱ्याचा नंबर कापलेलं अक्रिलिक भंगारवालाही घेत नाही. आरसी पाहिल्याशिवाय आणि तिची झेरॉक्स ठेवल्याशिवाय कुठलाच नंबर कापू नका, गिऱ्हाईक मेहुणा असला तरी. चोरीच्या गाडीवर भलताच नंबर निघाला की पोलीस आधी रेडियमवाल्यांची दारं ठोठावतात, तेव्हा वहीच वाचवते. मजकूर गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. आणि 'फक्त फ्रेम बसवा' म्हणून कुणी स्नॅप लॉक सैल करायला सांगितलं तर सरळ हात जोडा.

जुन्या गाड्यांचं काम उरलंय, असं कुणी सांगत असेल तर भुलू नका. चारचाकीला अक्षरं ६५ मिलिमीटर उंच, १० जाड, मध्ये १० अंतर, एवढं नियमात मोजून बसवलं तरी महाराष्ट्रात आता जुन्यांनाही एचएसआरपी सक्तीची आहे. बाकी गोड बोलण्याला भुलू नये, व्यवहार चोख ठेवावा, हे तुम्हाला घरचेही सांगतील.

मी सध्या किचेन आणि भिंतीवरच्या पाट्या करतो. 'दादा'ला तिथंही मागणी भरपूर, आणि किचेनला नाकाबंदीत कुणी अडवत नाही. गिऱ्हाईक मात्र तेच, घासाघीसही तीच. किचेनचेसुद्धा पैसे मी हातात पडल्यावरच मशीन चालू करतो.