यकृताचा कर्करोग आणि यकृतारोपण : रोग्यांची निवड

१९६७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल या शल्यविशारदाने सुमारे दीड वर्षाच्या एका बालिकेचे रोगग्रस्त यकृत काढून त्या जागी मृत दात्याचे यकृत बसविले. तिच्या यकृतात कर्करोग होता. १९६३ पासून चाललेल्या अशा प्रयत्नांत रोगी तीन-चार आठवड्यांच्या आतच दगावत असत. ही बालिका मात्र वर्षाहून अधिक काळ जगली. नवे यकृत तिच्या शरीराने स्वीकारले होते. तरीही अखेर तिचा मृत्यू ओढवला, तो शरीरात अन्यत्र पुन्हा उद्भवलेल्या कर्करोगामुळे. यकृत बदलता येते, पण यकृताबाहेर निसटलेल्या कर्कपेशी त्याबरोबर जात नाहीत, ही या उपायाची मर्यादा पहिल्याच यशाबरोबर उघड झाली.

यकृताचा कर्करोग बहुधा निरोगी यकृतात होत नाही. दीर्घकाळ टिकणारी विषाणुजन्य कावीळ, मद्यपान किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे यकृतपेशी वर्षानुवर्षे नष्ट होत राहतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते, आणि यकृत कठीण व गाठाळ बनते. या विकारास सिऱ्होसिस म्हणतात. त्याच्या गाठाळ भूमीत एखादी पेशी बेबंद वाढू लागली म्हणजे कर्काचे अर्बुद निर्माण होते. ते कापून काढावे, तर उरलेले दुबळे यकृत शरीराचा भार पेलण्यास असमर्थ ठरण्याचे भय असते. आणि पेलले, तरी त्याच भूमीत दुसरे अर्बुद उगवण्याचा संभव राहतो. संपूर्ण यकृतच बदलले, तर कर्करोग व त्याची भूमी ही दोन्ही एकदम नाहीशी होतात. म्हणूनच हा उपाय शल्यतज्ज्ञांना प्रथमपासून मोहक वाटला.

परंतु या उपायातच एक धोका दडलेला आहे. परके यकृत शरीराने नाकारू नये, म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी आयुष्यभर दाबून ठेवावी लागते. यकृताबाहेर कोठे मूठभर कर्कपेशी दडून राहिल्या असतील, तर त्यांना आवरणारा पहारेकरी आपण होऊनच दूर केल्यासारखे होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत, कापून काढण्याजोगा राहिला नाही असा मोठा कर्करोग असलेल्या रोग्यांवर रोपण करण्यात आले. त्यांतील अनेकांना अल्पावधीतच रोगाने पुन्हा गाठले. याउलट सिऱ्होसिससाठी रोपण केलेल्या काही रोग्यांच्या काढलेल्या यकृतात लहानसे अर्बुद अकल्पितपणे आढळे, आणि असे रोगी चांगले जगत.

या निरीक्षणातील सूत्र इटलीतील मिलान येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्चेन्झो माझाफेर्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडले. १९९१ पासून त्यांनी आधीच ठरविलेल्या मर्यादेत बसणाऱ्या रोग्यांचीच निवड केली. अर्बुद एकच असेल, तर त्याचा व्यास ५ सें. मी. पेक्षा अधिक नसावा. अनेक असतील, तर ती तीनपेक्षा जास्त नसावीत व प्रत्येक ३ सें. मी. च्या आत असावे. रोग रक्तवाहिन्यांत शिरलेला नसावा आणि यकृताबाहेर गेलेला नसावा. अशा ४८ रोग्यांचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्के होते. पुढे 'मिलान निकष' या नावाने हीच मर्यादा जगभर मान्यता पावली.

त्या वृत्तांतातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. काढलेली यकृते चिरून तपासली, तेव्हा ४८ पैकी १३ रोग्यांचा रोग प्रत्यक्षात मर्यादेपलीकडे गेलेला आढळला. खरोखर मर्यादेत असलेल्या ३५ जणांमध्ये चार वर्षे जगण्याचे प्रमाण ८५ टक्के, तर या तेरांमध्ये केवळ ५० टक्के होते. म्हणजे मर्यादा योग्य होती, ती मोजणारी दृष्टी अपुरी होती.

ही दृष्टी पुढे सुधारली. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून मिळते. कर्काचे अर्बुद मात्र यकृत रोहिणीच्या रक्तावर पोसते. शिरेतून विशिष्ट द्रव्य टोचून क्षकिरणांनी किंवा चुंबकीय यंत्राने लागोपाठ चित्रे घेतली, की अर्बुद आधी उजळ दिसते आणि थोड्या वेळाने भोवतालच्या यकृतापेक्षा काळसर पडते. सिऱ्होसिसच्या रोग्यात ही खूण स्पष्ट असेल, तर सुईने तुकडा काढून तपासण्याची गरज बहुधा पडत नाही. सुईच्या वाटेने कर्कपेशी पसरण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

तथापि व्यास ही खरी मोजायची गोष्ट नव्हेच. मोजायचे असते ते रोगाचे आक्रमक वळण, आणि ते पट्टीने मोजता येत नाही. अर्बुद जसजसे मोठे व अनेक होत जाते, तसतसा सूक्ष्म वाहिन्यांत शिरकाव होण्याचा संभव वाढतो. म्हणून व्यासावरून अंदाज बांधावयाचा, इतकेच. ५ सें. मी. च्या रोग्याला आशा आणि साडेपाच सें. मी. च्या रोग्याला नकार, हा न्याय निसर्गाचा नाही. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील तज्ज्ञांनी एकाच अर्बुदासाठी साडेसहा सें. मी. पर्यंतची सैल मर्यादा सुचविली, आणि निष्पत्ती फारशी बिघडत नाही असे दाखविले. पुढे रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीन या द्रव्याची पातळीही विचारात घेतली जाऊ लागली. लहान अर्बुद असूनही ही पातळी फार वाढलेली असेल, तर ते अशुभ लक्षण समजतात.

मग मर्यादा आणखी सैल का करू नये? कारण मृत दात्यांची यकृते थोडी आणि वाट पाहणारे पुष्कळ. एकाला दिलेले यकृत दुसऱ्याला मिळत नाही, आणि तो दुसरा कर्करोग नसलेला, परंतु यकृत निकामी होऊन मरणपंथास लागलेला असू शकतो. अमेरिकेत २००२ पासून बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ या तीन परीक्षांवरून रोग्यांचा क्रम लावण्यात येऊ लागला. कर्करोग्याचे यकृत पुष्कळदा बरे काम करीत असते, म्हणून या हिशेबात तो मागे पडे. त्यास अधिक गुण देण्यात आले, तर तो इतरांच्या पुढे जाऊ लागला. अखेर २०१५ पासून हे अधिक गुण सहा महिने थांबल्यावरच देण्याचे ठरले. या विलंबाचा एक अनपेक्षित लाभ झाला. ज्याचा रोग मुळातच उग्र असतो, त्याचे अर्बुद या अवधीत आपले स्वरूप प्रकट करते.

अर्थात हा काळ रोग्याने स्वस्थ बसून काढावयाचा नसतो. उष्णतेने अर्बुद जाळणे किंवा त्याची रोहिणी कोंडून तीत औषध सोडणे, असे उपाय चालू ठेवतात. मोठे अर्बुद अशा उपचारांनी आकसून मर्यादेत आले आणि काही महिने तसेच राहिले, तर रोपणाचा विचार पुन्हा करता येतो.

भारतातील स्थिती निराळी आहे. मानवी अवयव रोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. परंतु मृत दात्यांची यकृते अद्याप अपुरी असल्याने बहुतेक यकृतारोपणे जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊनच होतात. यकृताचा मोठा भाग काढला, तरी उरलेले काही आठवड्यांत बव्हंशी पूर्ववत वाढते, या गुणामुळे हे शक्य होते. जपानमध्येही हीच पद्धत प्रमुख आहे. तेथे अर्बुदे ५ सें. मी. पर्यंत, पाचपर्यंत आणि आल्फा-फीटोप्रोटीन ५०० पर्यंत, अशी मर्यादा २०२० पासून विमायोजनेने मान्य केली आहे.

येथे रांगेतील कोणाचा वाटा हिरावला जात नाही. म्हणून मर्यादा सैल करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक निरोगी मनुष्य असतो, बहुधा पत्नी, मुलगा किंवा भाऊ. त्याच्यावरील शस्त्रक्रिया क्वचित का होईना, प्राणघातक ठरते. वडिलांचा रोग रोपणानंतर वर्षभरात उलटण्याचाच संभव असेल, तर मुलाने हा धोका पत्करावा काय, याचे उत्तर मुलाच्या प्रेमावर सोडून वैद्यास मोकळे होता येत नाही. यास्तव दात्याची तपासणी रोग्याच्या वैद्याहून वेगळ्या वैद्याने करावी, आणि शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत दात्यास माघार घेता यावी, अशी चांगल्या केंद्रांची रीत आहे. शिवाय रांग येथेही पूर्णपणे सुटत नाही. बसविलेला भाग पहिल्या काही दिवसांत निकामी झाला, तर त्या रोग्यासाठी मृत दात्याच्या यकृताची तातडीने मागणी करावी लागते.