दमट उन्हाळ्यात मजुरांचे पाणी

रायगड किनाऱ्यावरचे ऊन पाऱ्याच्या आकड्यावरून जोखता येत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात पारा 34-35 अंशांवर असतानाही हवेतला ओलावा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शरीर मात्र घाम गाळतच राहते. म्हणूनच हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून करतो, तर किनारपट्टीवर 37 अंशांपासून.

16 एप्रिल 2023 रोजी याच जिल्ह्यात, खारघरला, उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यात उन्हाचा त्रास होऊन 14 जणांचा जीव गेला. पारा सुमारे 38 अंश होता, आणि ती माणसे कष्टाचे काम करत नव्हती. भर दुपारी ओणव्याने पांढरा कांदा उपटणारी बाई किंवा झेला घेऊन हापूसवर चढलेला गडी याहून कितीतरी जास्त उष्णता अंगात निर्माण करतो. झाडावर आलेली नुसती घेरीही जीव घेऊ शकते.

तहान लागेपर्यंत थांबणे चूक आहे. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, म्हणजे 200 ते 250 मिली पाणी प्यावे. सहा तासांच्या कामाला माणशी किमान पाच लिटर, दहा मजुरांना 50 लिटर पाणी लागते. ते घराच्या पडवीत ठेवून उपयोग नाही. कामाच्या जागी, सावलीत हवे. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी टाळतात. चार बांबू आणि ताडपत्रीची सोय बागायतदाराला जड नाही. ती न करणे अक्षम्य आहे.

तासाला दीड लिटरहून अधिक पाणी मात्र पिऊ नये. घामातून मीठ जाते. वर नुसते पाणी ढोसले की रक्तातले मीठ आणखी पातळ होऊन डोके दुखते, उलट्या होतात, भ्रमही होतो. मीठ घातलेली पेज, ताक, कोकम सरबत उत्तम. शहाळ्यात सोडियम कमी असल्याने त्यावरच भागवू नये. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालावी. रक्तदाब, मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा समज कांद्याच्या गावांत अजून टिकून आहे. कांदा खावा, खिशातल्या कांद्याने अंगाचे तापमान तसूभरही उतरत नाही. मिठाच्या गोळ्या, रंगीत शीतपेये यांवरचा पैसाही वाया जातो. आदल्या रात्रीची ताडी तर सकाळीच अंग कोरडे करून ठेवते.

नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचव्या हिश्श्याइतकेच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. बारा ते तीन काम बंद ठेवावे.

मजूर असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर 108 ला फोन करून त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजून वेळ दवडू नये. कष्टाच्या कामात घाम चालू असतानाही उष्माघात होतो.