गाऱ्हाणें कसें मांडावें?

(तरुणांच्या वर्गासाठीं पाठ)

पाठाचा उद्देश : कामाच्या ठिकाणीं दिसलेली अडचण सोबत्यापुढें व वरिष्ठापुढें कोणत्या रीतीनें मांडिली असतां ती दूर होते, हें समजून घेणें.

ठाण्यांत माजिवड्याच्या नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा रस्ता व घोडबंदर रस्ता हे एकत्र येतात. रोज सकाळीं येथून असंख्य माणसें कारखान्यांत, कचेऱ्यांत व दुकानांत कामाला जातात. त्यांत खेड्यापाड्यांतून आलेले तरुणही पुष्कळ असतात. काम करणाऱ्या प्रत्येकाला केव्हांना केव्हां कांहीं खटकतेंच. अशा वेळीं कोणी मूग गिळून बसतो व घरीं जाऊन धुसफुसतो. कोणी रागाच्या भरांत चारचौघांत वाटेल तें बोलून जातो. पहिल्याची अडचण कोणास कळत नाहीं. दुसऱ्याची कळते, पण ती कोणी मनावर घेत नाहीं. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे, आणि तो याच ठाण्यांत जन्मलेल्या एका पुरुषानें घालून दिला आहे.

१. लोखंडे यांचा कित्ता

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यांत झाला. मुंबईस एका गिरणींत भांडाराचें काम पाहत असतां त्यांना गिरणीकामगारांचे हाल जवळून दिसले. त्या वेळीं कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, आणि पगार हातीं पडण्यास फार उशीर होई. सरकारनें कारखान्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमिलें, तेव्हां १८८४ च्या सप्टेंबरांत लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला.

त्या अर्जांत मागण्या पांचच होत्या. दर रविवारीं सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचा अपंग झालेल्यास निर्वाहाची सोय असावी.

यांतील प्रत्येक मागणी पाहा. मालक निर्दय आहेत कीं काय, हा वाद तींत नाहीं. काय हवें, किती हवें व केव्हां हवें, एवढेंच तींत आहे. म्हणून ऐकणाऱ्यास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें स्पष्ट उत्तर देणें भागच पडतें.

उत्तर लगेच आलें नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगार सभेस जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. पुढें १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुट्टी व दुपारचा विसांवा यांस आधार दिला. सहा वर्षें लागलीं. परंतु मागणी तीच राहिली, व तिच्यामागील माणसें वाढत गेलीं.

२. आपल्या कामांत याचा उपयोग

(अ) घडलेलें सांगा, स्वभावावर बोट ठेवूं नका. ‘येथें कोणाला कशाची पर्वा नाहीं’, असें म्हटल्यानें ऐकणारा दुखावतो व कामाचा मुद्दा बाजूस पडतो. त्याऐवजीं म्हणावें, ‘साहेब, या यंत्रावरची जाळी सोमवारपासून सैल आहे. ती बसेपर्यंत यंत्र बंद ठेवावें, अशी विनंती आहे.’

(आ) आधीं ज्याचें त्यालाच सांगा. सोबत्याची चूक दिसली तर ती थेट साहेबांच्या कानीं घालूं नये. ‘दादा, कालच्या पाळीची नोंद वहींत नव्हती, त्यामुळें मला काम सुरू करण्यास उशीर झाला. आजपासून निघतांना दोन ओळी लिहून ठेवाल का?’ एवढ्यानें पुष्कळ कामें होतात.

(इ) उपायही सुचवा. तो लहान असला तरी चालेल. वरिष्ठास पहिलें पाऊल टाकणें त्यानें सोपें होतें.

(ई) तारीख लिहून ठेवा. तोंडी सांगून कांहीं झालें नाहीं, तर लेखी द्यावें व एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

(उ) सर्वांची अडचण सर्वांनीं मिळून मांडावी. एकट्यावर रोष येऊं शकतो. पुष्कळांच्या सह्या असलेला अर्ज बाजूस सारणें कठीण जातें.

३. जेथें जिवाचा प्रश्न आहे

वर सांगितलेला क्रम नेहमींच्या अडचणींसाठीं आहे. धोका दिसला तर मात्र पायरी पाहूं नये. ज्याच्या हातीं काम थांबविणें आहे त्याला त्याच क्षणीं सांगावें. आपल्या शेजारच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजीं झालेल्या स्फोटांत अनेक माणसें मरण पावलीं. जेथें वाफ, वीज वा रसायनें आहेत, तेथें भिडेखातर गप्प राहणें हें सौजन्य नव्हे.

४. ऐकणाऱ्याचें कर्तव्य

जो मुकादम वा अधिकारी गाऱ्हाणें आणणाऱ्यावरच खेंकसतो, त्याच्याकडे पुढें कोणी वाईट बातमी आणीत नाहीं, आणि मग ती बातमी अपघाताच्या रूपानें येते. ‘बरें झालें सांगितलेंत, गुरुवारपर्यंत उत्तर देतों’, असें म्हणून तो शब्द पाळावा. करतां येण्याजोगें नसेल तर कारण सांगावें.

कायद्यानेंही ही वाट ठेविली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणें वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेंत तक्रार निवारण समिति असावी लागते. तींत मालक व कामगार या दोहों बाजूंचे सभासद सारख्या संख्येनें असतात. आपल्या कामाच्या ठिकाणीं ती आहे कीं नाहीं, तें विचारून घ्यावें.

विचारासाठीं प्रश्न

१. १८८४ च्या अर्जांतील पांच मागण्यांपैकीं कोणती आज तुमच्या कामाच्या ठिकाणीं अपुरी आहे?

२. तुमच्या मनांत घोळत असलेली एक अडचण दोन वाक्यांत लिहा : पहिल्यांत काय घडतें तें, दुसऱ्यांत काय व्हावें तें.

३. ती कोणास व केव्हां सांगणार? दिवस ठरवूनच वर्गांतून उठा.