दुर्बिणीची शस्त्रक्रिया : पाहणे आणि ओळखणे

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जागरण झाले की पित्त होते, उपास सोसला नाही की पित्त उसळते, अंगावर गांधी उठल्या तरी ते पित्तच! शरीरशास्त्रातील पित्त मात्र निराळे. यकृतात तयार होणारा तो हिरवट-पिवळा पाचक रस होय. यकृताखाली लहान वांग्याच्या आकाराची एक पिशवी असते, तिच्यात हा रस साठतो व जेवणानंतर नळीवाटे आतड्यात उतरतो. या पिशवीला पित्ताशय म्हणतात. तिच्यात खडे झाले, की तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली असह्य कळ येते. खडा मुख्य नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूजही येते.

मूतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत. औषधाने विरघळवण्याचा उपाय थोड्याच रुग्णांना लागू पडतो व खडे पुन्हा होऊ शकतात. जे खडे काहीच त्रास देत नाहीत, ते सामान्यतः तसेच राहू देतात. त्रास सुरू झाला, की मात्र खड्यांसह पिशवीच काढणे हा खात्रीचा उपाय ठरतो. पिशवी गेली तरी पित्त तयार होतच राहते व सरळ आतड्यात जाते, त्यामुळे माणसाचे फारसे अडत नाही. काहींना काही काळ पातळ शौचास होते, एवढेच.

ही पिशवी प्रथम काढली ती बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी, १५ जुलै १८८२ रोजी. पुढे शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊनच हे काम चालले. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील बोब्लिंगेन येथे एरिख म्यूह यांनी ते दुर्बिणीच्या साहाय्याने केले. दुसऱ्या वर्षी शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्यांनी ते सांगितले, तेव्हा त्यांच्या वाट्याला बहुतांशी अविश्वासच आला. १९९२ साली त्याच देशाच्या शल्यचिकित्सक संघटनेने त्यांचा गौरव केला! मधल्या काळात, १९८७ मध्ये, फ्रान्समधील लिऑन येथे फिलीप मूरे यांनी ही पद्धत अवलंबली आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्या देशात ती प्रथम आणली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात.

या पद्धतीत रुग्णाला पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. बेंबीजवळ व बरगडीखाली मिळून बहुधा चार लहान छिद्रे पाडतात. एकातून कॅमेरा, इतरांतून लांब दांड्याची हत्यारे आत जातात. शल्यचिकित्सक पडद्यावरील चित्र पाहत पिशवीची नळी व रक्तवाहिनी चिमट्यांनी बंद करून कापतो आणि सुटी झालेली पिशवी छिद्रातून बाहेर काढतो. रुग्ण बहुधा एकदोन दिवसांत घरी जातो. वायूमुळे खांदा दुखतो, पण तेही थोड्या दिवसांत थांबते.

हे फायदे खरेच आहेत, पण ते तारतम्याने पाहावेत. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०० रुग्णांवर एक प्रयोग झाला व तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली, काहींची लहानसा छेद घेऊन केली. पट्ट्या मात्र सर्वांना सारख्याच बांधल्या, म्हणजे कोणाला काय केले ते रुग्णाला व शुश्रूषा करणाऱ्यांना कळू नये. रुग्णालयातील मुक्काम आणि कामावर परतण्याचा काळ यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लवकर बरे होण्यात आपल्या अपेक्षेचाही वाटा असतो, असे यावरून म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता धोक्याचा विचार करू. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलेचे धोके हे कोणत्याही शस्त्रक्रियेत असतात. या शस्त्रक्रियेचा खास धोका म्हणजे पिशवीची नळी समजून पित्ताची मुख्य नळीच कापली जाणे. मोठ्या छेदाच्या पद्धतीत असे हजारात एकदोनदा घडत असे; दुर्बिणीच्या पद्धतीत हे प्रमाण हजारात तीन ते पाच इतके नोंदले गेले आहे. अमेरिकेतील १५१८ शस्त्रक्रियांचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शल्यचिकित्सकाच्या पहिल्या तेरा रुग्णांत ही इजा शेकडा २.२ होती, त्यानंतरच्या रुग्णांत शेकडा ०.१ उरली. हात बसेपर्यंतचा काळ रुग्णाला किती महाग पडतो, हे येथे दिसते.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मला सर्वांत विचार करायला लावला तो २००३ मधील एका अभ्यासाने. अशा २५२ इजा तपासल्यावर शेकडा ९७ प्रसंगी मूळ कारण हाताचे कौशल्य कमी पडणे हे नव्हते, तर दृष्टिभ्रम हे होते, असे संशोधकांना आढळले. आपण 'संवेदन' या प्रकरणात म्युलर-लायरची आकृती शिकतो. दोन्ही रेषा सारख्या आहेत हे मोजून कळले, तरी डोळ्याला एक लांबच दिसते. पडद्यावरही तसेच होते. एकदा मनाने 'हीच पिशवीची नळी' असे ठरवले, की पुढे दिसणारे सारे त्या समजुतीला जुळत जाते. म्हणून १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कसोटी मांडली : भोवतालची चरबी साफ करावी, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच वस्तू दिसल्याखेरीज काहीही कापू नये.

ही कसोटी पुरी होत नसेल तर? मग पिशवीचा काही भाग मागे ठेवणे किंवा पोट उघडणे, असे मार्ग उरतात. वर सांगितलेल्या १५१८ रुग्णांपैकी शेकडा ४.७ जणांचे पोट उघडावे लागले होते. माझ्या आत्याच्या बाबतीत हेच घडले. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, म्हणून संमतिपत्र माझ्याकडेच आले. "तू शिकलेली हायेस, काय लिवलंय ते सांग," आत्या म्हणाली. 'गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करण्यास संमती आहे,' हे वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवले. आत सूज येऊन सारे चिकटले होते, नळ्या ओळखू येईनात, म्हणून डॉक्टरांनी पोट उघडले. भेटायला आलेली माणसे म्हणू लागली, "दुर्बिणीतनं करतो म्हनले अन् पोट फाडलं की!" आत्याची दीड महिन्याची खुरपणीची मजुरी बुडाली, ही गोष्ट लहान नव्हे. पण मुख्य नळी कापली गेली असती, तर आतड्याला नळी जोडण्याची आणखी मोठी शस्त्रक्रिया आणि पुन्हापुन्हा कावीळ तिच्या नशिबी आली असती. ओळख पटत नाही म्हणून थांबणाऱ्या डॉक्टरांनी तिचे रक्षणच केले, हे मी घरी सर्वांना समजावून सांगितले.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा कागद आपल्याच हातात येणार आहे. तेव्हा डॉक्टरांना आदरपूर्वक तीन गोष्टी विचाराव्यात : शस्त्रक्रिया आताच करणे जरूर आहे का? आपण अशा किती केल्या आहेत? पोट उघडावे लागले तर मुक्काम व खर्च किती वाढेल? घरी आल्यावर ताप, वाढती पोटदुखी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी परत जावे. छिद्र लहान असले, तरी आतले काम पूर्वीइतकेच मोठे आहे, एवढे घरच्यांना समजावून सांगता आले, तरी आपल्या शिकण्याचा त्यांना उपयोग झाला असे होईल.